दोन सीटांची मीमांसा

इंग्लंडात तयार झालेली, दोन माणसांपुरती, छपराच्या जागी कापड असलेली आणि वेगापेक्षा वेगाच्या भासावर अधिक विसंबणारी जी मोटार, तिला अभिजात ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार असे म्हणतात. यातील ‘अभिजात’ हे विशेषण गाडी पुरेशी म्हातारी झाली की तिला आपोआप लागते, जे भाग्य माणसांच्या वाट्याला सहसा येत नाही. आणि ‘स्पोर्ट्‌स’ म्हणजे क्रीडा असली, तरी या क्रीडेत खेळाडू कोण आणि खेळणे कोण, हे इंजिन सुरू होईपर्यंत निश्चित सांगता येत नाही. अशी मोटार एखाद्या शेडच्या कोपऱ्यातून, कोंबड्यांना तिच्यातून उठवून, बाहेर काढली जाते, तिचा नट न् नट सुटा होतो, पत्रा ठोकून सरळ केला जातो, रंगाचे थर चढतात आणि काही वर्षांनी ती पुन्हा चार चाकांवर उभी राहते, तेव्हा ती ‘रिस्टोअर’ झाली असे जाणकार म्हणतात. मराठीत या क्रियेला जीर्णोद्धार हा देवळाचा शब्द शोभतो. अंतर एवढेच की जीर्णोद्धार झाल्यावर देऊळ कोणी विकायला काढत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र शेवटचा रंग वाळतो न वाळतो तोच विक्रीची जाहिरात तयार होते.

या जाहिरातीचा अर्थ लावण्यासाठी पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांइतकी योग्य भूमी क्वचित सापडेल. तेथे क्लासिक मोटारींचा बाजार भरत नाही, हे खरे. पण जुने वाहन म्हणजे काय, ते कशाने चालते आणि कशाने अडते, याचे ज्ञान तेथील जीपचालकांना, गॅरेजवाल्यांना आणि दरवाजाला लटकून जाणाऱ्या प्रवाशांना इतके आहे की जाहिरातीतील एकही शब्द त्यांच्यापुढे परीक्षेवाचून सुटू शकत नाही.

प्रथम या जातीचा वंश पाहिला पाहिजे. ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या मोटारविक्रीच्या पेढीचा व्यवस्थापक सेसिल किंबर हा १९२० च्या दशकात साध्यासुध्या मॉरिस मोटारींवर देखणे सांगाडे चढवून त्या विकू लागला, आणि पेढीच्या आद्याक्षरांवरून एमजी हे नाव रूढ झाले. पुढे ॲबिंग्डन या गावी स्वतंत्र कारखाना निघाला आणि दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ ते १९४९ या काळात, तेथून एमजी टीसी ही मोटार सुमारे दहा हजारांच्या संख्येने बाहेर पडली. तिचे इंजिन १२५० घन सेंटिमीटरचे म्हणजे आजच्या साध्या घरगुती मोटारीएवढे, आणि ताकद ५४ अश्वशक्तीची होती. चाके १९ इंची, तारांच्या आऱ्यांची. पत्र्याच्या आतली चौकट ॲश नावाच्या लाकडाची. म्हणजे चाकांचे कुळ सायकलीचे, चौकटीचे बैलगाडीचे आणि आवाज तेवढा मोटारीचा, अशी ही त्रिवेणी होय. सुकाणू फक्त उजव्या बाजूला असल्यामुळे भारतातील रस्त्यांना ती जन्मतःच सोयीची होती, हा तिचा एक निर्विवाद गुण नोंदवला पाहिजे.

लाकडी चौकट असलेली मोटार जव्हारच्या बाजूला आणण्यात मात्र दोन अडचणी संभवतात. पहिली वाळवीची, तिला अभिजात आणि अनभिजात असा भेद कळत नाही. दुसरी अडचण शासकीय आहे. खाल्लेल्या ॲशच्या जागी स्थानिक मिस्त्री साहजिकच सागाचा तुकडा बसवील, कारण या डोंगरांत साग होतो आणि ॲश होत नाही. आणि सागाची वाहतूक म्हटली की वनखात्याचा पास आला. त्यामुळे जीर्णोद्धारित मोटार वन तपासणी नाक्यावर पोहोचल्यावर ती वाहन आहे की वाहनाच्या रूपाने चाललेला लाकूडमाल आहे, असा प्रश्न एखाद्या कर्तव्यदक्ष वनरक्षकाला पडला, तर त्याला दोष देता येणार नाही.

याच टीसीच्या इंजिनात पान्यांच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण दडलेले आहे. पाना म्हणजे नट फिरवण्याचे हत्यार, आणि नटाच्या बाहेरच्या कडांचे माप व आतल्या आट्यांचे माप एकाच पद्धतीचे असावे अशी जगाची साधी अपेक्षा असते. या इंजिनाच्या कारखान्यातील यंत्रसामग्री मूळची ऑचकिस या फ्रेंच कंपनीची असल्यामुळे आटे मेट्रिक पडले. पण इंग्रज कारागिराच्या पेटीतील पाने व्हिटवर्थ नावाच्या देशी मापाचे असल्यामुळे डोकी मात्र त्या मापाची ठेवली गेली. परिणामी प्रत्येक नट बाहेरून इंग्रज आणि आतून फ्रेंच निघतो, आणि तो हरवला की त्याच्या जोडीचा दुसरा मिळत नाही. मोखाड्याच्या रस्त्यावरील मिस्त्रीपुढे असा नट ठेवला तर तो क्षणभर त्याच्याकडे पाहील, मग लेथवर नवा बोल्ट करून घेईल आणि दोन राष्ट्रांमधील हा वाद दहा मिनिटांत मिटवील. शुद्धतावादी संग्राहकाला हा उपाय ऐकून घाम फुटतो. गाडीला मात्र त्याने बरे वाटते.

वंशावळीचा दुसरा धागा भारतीय वाचकाला अधिक जवळचा आहे. १९५५ ते १९६२ या काळात एक लाखाहून अधिक संख्येने निघालेल्या एमजीए या रूपवती मोटारीचे सुरुवातीचे इंजिन १४८९ घन सेंटिमीटरचे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील होते. आणि त्याच मालिकेचे, त्याच मापाचे इंजिन भारतात हिंदुस्थान ॲम्बॅसेडर या मोटारीच्या पोटात वर्षानुवर्षे धडधडत राहिले. दुसऱ्या शब्दांत, लंडनच्या रस्त्यांवर गळ्यात रेशमी रुमाल बांधलेल्या तरुणाला घेऊन धावणारी सुंदरी आणि तहसील कचेरीसमोर लाल दिवा लावून उभी असलेली, मागच्या सीटवर पांढरा टॉवेल पसरलेली ती पोक्त मोटार या सख्ख्या चुलत बहिणी आहेत. ट्रायम्फ स्पिटफायरचीही हीच कथा. १९६२ साली आलेली ही मोटार ट्रायम्फ हेरल्डच्या आखूड केलेल्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, उभी आहे, आणि तीच हेरल्ड मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने तयार होऊन भारतभर डॉक्टर-वकिलांना घेऊन हिंडली. हे नाते जाहिरातीत सहसा येत नाही. लग्नाच्या बोलण्यांत गरीब आतेभावाचा उल्लेख कोणी आपण होऊन करत नाही, तसेच हे आहे.

आता प्रत्यक्ष जाहिरातीकडे वळता येईल. तिची भाषा हा स्वतंत्र शास्त्राचा विषय असून तिच्यातील संज्ञांचे अर्थ कोशात सापडत नाहीत. ‘जुळते क्रमांक’ म्हणजे चासीवरचा आणि इंजिनावरचा आकडा कारखान्याच्या नोंदीशी मिळतो. ही पत्रिका जुळण्यासारखी गोष्ट असून संसार कसा चालेल याची हमी तिच्यात नसते. ‘हाफ सेल्फ स्टार्ट’ म्हणजे बटण दाबताच गाडी सुरू होते, मात्र कोणत्या दिवशी दाबायचे हे विक्रेता ठरवतो. ‘किरकोळ काम बाकी’ याचा अर्थ जे काम आजवर कोणालाच जमले नाही ते. आणि ‘पोटच्या पोरासारखी सांभाळली’ याचा अर्थ तिच्यावर अफाट खर्च झाला असून तिने अद्याप काही कमावलेले नाही. ‘वेळेअभावी विकणे आहे’ हे वाक्य सर्वांत मार्मिक होय, कारण ज्या माणसाला एका मोटारीसाठी इतकी वर्षे वेळ होता, त्याचा वेळ नेमका ती पूर्ण झाल्यावरच कसा संपला, याचे उत्तर घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे मागावे लागते.

जाहिरातीच्या तळाशी कायद्याचा एक अदृश्य परिच्छेद असतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ हा दर्जा मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये असून क्रमांकाच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र वाहन मूळ रूपात असावे, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे जीर्णोद्धार इतकाच व्हावा की झालाच नाही असे वाटावे. शिवाय अशा वाहनाला रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ते बाहेर पडू शकते. या नियमातील सौंदर्य लक्षात घेण्यासारखे आहे. पेट्रोल भरायला जाणे कायदेशीर आहे, त्या पेट्रोलने दुरुस्तीला जाणेही कायदेशीर आहे, आणि दुरुस्तीहून परतताना संपलेले पेट्रोल पुन्हा भरणे तर क्रमप्राप्तच आहे. या दोन ठिकाणांमध्ये आयुष्य गेलेल्या मोटारीचा मालक नियमांचे आदर्श पालन करणारा ठरतो, आणि अनुभवी मालकांच्या मते नियम नसता तरी गाडी याहून वेगळीकडे गेली नसती.

तथापि शास्त्रीय कसोटीसाठी अशी एक मोटार रॅलीच्या निमित्ताने मुंबईहून निघाली, अहमदाबाद महामार्गावर मनोरला वळली आणि विक्रमगडवरून जव्हारचा घाट चढू लागली, असे गृहीत धरू. ती जमिनीपासून वीतभर उंचीवरून चालते, आणि या वाटेवरचे गतिरोधक गावागावांनी आपापल्या स्वाभिमानानुसार बांधलेले असल्यामुळे प्रत्येक गतिरोधकावर तिला तिरके करून, एकेक चाक उतरवून, नवरी उंबरठा ओलांडते तशा रीतीने पुढे न्यावे लागते. अर्ध्या घाटात रेडिएटर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारी पाण्याची टाकी, उकळू लागतो आणि मालक जवळच्या पाड्यावर बादलीभर पाणी मागतो. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ उभ्या असलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईकडे जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. तरीही बादली मिळते, आणि ती देणारी बाई मुंबईला पाणी पुरवण्याच्या जुन्या परंपरेत आपली भर घालते. फरक असलाच तर इतका की या वेळी मुंबईने ते समोर येऊन मागितलेले असते.

दिवस पावसाचे असले तर परीक्षा अधिक कडक होते. टीसीसारख्या जुन्या स्पोर्ट्‌स कारला खिडकीच्या काचा नसतात. त्यांच्या जागी कापडाचे किंवा सेल्युलॉइडचे पडदे असतात, जे सीटच्या मागून काढावे, उलगडावे, खाचांत बसवावे आणि वरच्या कापडी हूडला जोडावे लागतात. हे सर्व साधेपर्यंत जव्हारचा पाऊस गाडीच्या आत बसून घेतो. याच वेळी बाजूच्या खाचरात भाताची लावणी करणारी माणसे डोक्यावर इरले घेऊन वाकलेली असतात. इरले म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे पाठीवरून उतरणारे छप्पर. ते एका हाताने चढते, गळत नाही, पाठीशी वारा खेळू देते आणि त्याचे सुटे भाग बांधावरच मिळतात. दोन्ही रचनांचा तौलनिक अभ्यास केला असता इंग्लंडसारख्या पावसाळी देशाने छप्पर या कल्पनेचा पुरेसा विचार केला नव्हता, असा निष्कर्ष काढावा लागतो.

अंधार पडल्यावर विजेचा प्रश्न येतो. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश मोटारींची विद्युत उपकरणे लुकास या कंपनीची असत, आणि मोटारशौकिनांनी तिच्या संस्थापकाला ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी थट्टेने बहाल केली होती. भर म्हणून बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडण्याची उलटी पद्धत तेव्हा प्रचारात होती; त्यामुळे आजचा वायरमन सवयीने ऋण टोक जोडतो आणि धूर पाहून इतिहास शिकतो. जव्हार-मोखाड्याच्या रहिवाशाला मात्र यात नवल वाटण्याचे कारण नाही. पहिल्या वादळाबरोबर दिवे जाणे आणि ते कधी येतील हे कोणालाच न कळणे ही त्याच्या ऋतुचक्रातील एक परिचित अवस्था असून, ती चाकांवर बसवून विकता येते एवढीच माहिती त्याला नवी असते.

येथवर गाडीचे दोष झाले. पण मूळ प्रश्न दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांतील भेदाचा आहे. या दोन तालुक्यांत माणसांची ने-आण करणाऱ्या जुन्या जीपगाड्यांपैकी एखादीची चौकशी केली, तर असे दिसते की तिचे इंजिन दोनदा खोलले आहे, रिंगा-पिस्टन बदलले आहेत, पाटे नवे आहेत, दरवाजा दुसऱ्या रंगाच्या दुसऱ्या जीपचा आहे आणि तळाचा पत्रा कधीच बदलला आहे. मूळचे असे तिच्यात पुढच्या काचेवरचे देवाचे नाव तेवढे उरलेले असते. तत्त्वतः हा स्पोर्ट्‌स कारपेक्षा परिपूर्ण जीर्णोद्धार झाला; तरीही तिला कोणी ‘रिस्टोअर केलेली’ म्हणत नाही, ‘काम काढलेली’ म्हणतात. कारण दुरुस्ती ही वाहन उद्या सकाळी बाहेर पडावे म्हणून असते, आणि जीर्णोद्धार हा ते कधीच बाहेर पडू नये म्हणून. एकीवर ओरखडा उठला तर ती धंद्यात आहे असे समजतात. दुसरीवर उठला तर घरात सुतक पाळतात.

याच प्रदेशातील बोहाड्याने हा भेद फार पूर्वीच सोडवलेला आहे. बोहाडा म्हणजे होळीच्या सुमारास आणि त्यानंतर जव्हार-मोखाड्याच्या बाजूला रात्रीच्या रात्री चालणारा मुखवट्यांचा उत्सव. त्यात देव, दैत्य आणि प्राणी यांची सोंगे संबळाच्या तालावर नाचत येतात, आणि अनेक सोंगांचा मान ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा भेगाळतो, त्याचा रंग उडतो, नाक झिजते. मग लगदा थापून, नवा रंग देऊन तो पुन्हा उभा केला जातो. तो मूळचा आहे का, त्याचे क्रमांक जुळतात का, असे कोणी विचारीत नाही. तो डोक्यावर चढला, संबळ वाजला आणि पाय हलले की तो मूळचाच असतो. या कसोटीला आपली मोटार लावली तर निर्णय सरळ आहे: चालते तेवढा वेळ ती अभिजात, उभी असेल तेव्हा ती फर्निचर.

किमतीचा विचार करताना जव्हार संस्थानाच्या उत्पत्तीची दंतकथा आठवणे अपरिहार्य आहे. त्या कथेनुसार जयाबा मुकणे याने एका कातड्याने व्यापेल एवढीच जमीन मागितली, ती मंजूर होताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्या टोकाला टोक जोडून मोठा मुलूख वेढून घेतला. कार्थेज नगरीच्या राणीविषयीही हीच गोष्ट सांगतात. अशा पूर्वजाच्या मुलखात घासाघीस करायला येणाऱ्या विक्रेत्याने सावध राहावे, कारण तो स्वतः नेमका उलटा व्यवहार करत असतो: त्याने शेतीचा तुकडा, बँकेतील ठेव आणि बायकोचा संयम एवढा मोठा मुलूख देऊन दोन सीटांच्या आकाराचे कातडे मिळवलेले असते, आणि आता त्याच्या वाद्या कापून मुलूख परत मिळेल अशी त्याची आशा असते. म्हणून जाहिरातीतील आकडा ही गाडीची किंमत नसून विक्रेत्याच्या पश्चात्तापाची बेरीज असते, आणि ती बेरीज ग्राहकाने का भरावी, हे त्याला पटवून देणे हीच विक्रीकला.

आता फक्त सीटांचा प्रश्न उरतो. या भागातील वाहतुकीच्या परिभाषेत ‘सीट’ म्हणजे बसण्याची जागा नव्हे, तर माणूस; ‘अजून दोन सीट पाहिजेत’ असे चालक म्हणतो तेव्हा त्याला गाद्या नको असतात, प्रवासी हवे असतात. गाडी किती वाजता सुटेल या प्रश्नाला ‘भरली की निघाली’ हे एकच उत्तर असते, आणि भरली कधी म्हणायची, याची मर्यादा नियमपुस्तकात नव्हे तर चालकाच्या आशावादात असते. तांदळाचे पोते, बाजाराची टोपली, शाळेतून परतणारी पोरे, पाय बांधलेला कोंबडा या सर्वांना सामावूनही मागून येणाऱ्यासाठी कोणीतरी अंग चोरून घेते. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र दुसऱ्या माणसाचा गुडघा गिअरच्या दांड्याला लागतो आणि तिसऱ्याचा विचारही करता येत नाही.

तेव्हा अशी जीर्णोद्धारित, चकचकीत, विक्रीस काढलेली मोटार जव्हारच्या एसटी स्थानकासमोर, मोखाड्याच्या जीपच्या रांगेत उभी राहिली, तर एखादा प्रवासी तिच्याभोवती एक फेरी मारील, आत डोकावून जागा मोजील आणि मालकाला नेहमीचा प्रश्न विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर स्थानिक गणिताने अगदी सोपे आहे: दोन सीट बसल्या की जी भरते, ती त्या रांगेतली सर्वांत आधी सुटणारी गाडी असली पाहिजे. प्रवासी पिशवी मांडीवर घेऊन आत बसतो, मालक चावी फिरवतो, रांगेतील जीपा भरून एकामागून एक मोखाड्याच्या दिशेने निघून जातात. आणि भरलेली गाडी निघत का नाही, याचे उत्तर जाहिरातीत कुठेच दिलेले नसते.